साथ आणि न्यायालय

श्रोतेहो, नळदुर्गच्या किल्ल्यांतील जुना बंधारा बोरी नदीचें पाणी अडवितो. पण पुराला सांडव्यांतून वाट देतो. साथीच्या काळांत न्यायालयानेंही तसेंच वागावें: गर्दी अडवावी, न्याय अडवूं नये.

१८९७ सालीं प्लेगामुळें ब्रिटिश मुलखांत साथरोगाचा कायदा झाला. त्यानें सरकारला व्यापक अधिकार दिले. सद्‌हेतूनें केलेल्या कृत्यांबद्दल दावा लावण्याची वाटही बंद केली.

२०२० सालच्या करोनाच्या साथींत मात्र न्यायालयांनीं पक्षकाराची वाट राखली. २३ मार्च रोजीं सर्वोच्च न्यायालयानें दावे-अपिलांच्या मुदती १५ मार्चपासून वाढविल्या. टाळेबंदींत अडकलेल्या नळदुर्गच्या शेतकऱ्याचा अपिलाचा हक्क केवळ त्या दिवसांपायीं बुडणार नव्हता. ६ एप्रिल रोजीं त्याच न्यायालयानें दूरदृश्य पद्धतीच्या सुनावणीस आधार दिला. पण साधन नसलेल्यांना न्यायालयानें तें पुरवावें, आणि दोन्ही पक्षांच्या संमतीवांचून त्या पद्धतीनें साक्ष नोंदवूं नये, असेंही बजाविलें.

श्रोतेहो, महत्त्व या अटींचेंच आहे. साधनाअभावीं एखादा गरीब पक्षकार सुनावणीवांचून राहिला, तर आरोग्य राखलें जाईल. न्याय मात्र राखला जाणार नाहीं.