बारवी जलाशय
ठाणे जिल्ह्यातील गोड्या पाण्याचा मानवनिर्मित तलाव. बदलापूर व मुरबाड यांमधील डोंगराळ वनप्रदेशात, उल्हासची उपनदी बारवी हिच्यावर महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने बांधलेल्या धरणामुळे तो तयार झाला. भोवती सागाचे पानझडी जंगल आणि आदिवासी पाडे आहेत. तलाव सर्वस्वी मोसमी पावसावर भरतो; पाणी ७२.६० मी. पातळीला पोचले, की स्वयंचलित दरवाजांतून विसर्ग सुरू होतो. धरणाची उंची वाढवल्यानंतर साठवणक्षमता सुमारे ३४० दशलक्ष घनमीटर झाली; त्यासाठी तोंडली, मोहघर यांसारख्या गावांना जमिनी सोडाव्या लागल्या. सोडलेले पाणी नदीपात्रातूनच खाली येते व जांभूळ येथे शुद्ध होऊन उल्हासनगर, अंबरनाथ परिसरातील कारखान्यांना आणि वस्त्यांना मिळते.