परकीय भांडवल हरेगावला आले, तेव्हा आपल्याला काय मिळाले?

दावोसमध्ये करार झाले की 'परकीय गुंतवणुकीत महाराष्ट्र अव्वल' अशा बातम्या झळकतात. आमच्या सोनईतला पदवीधर तरुण विचारतो, "यातून आपल्याला काय?" हा प्रश्न भाबडा नाही. आमच्या जिल्ह्याने त्याचे उत्तर शंभर वर्षांपूर्वीच पाहिले आहे.

परकीय भांडवल १९९१ नंतर आले, असा समज आहे. आमच्याकडे ते १९२० च्या सुमारास आले. इंग्रज सरकारने प्रवरेवर भंडारदरा धरण बांधले, १९२६ साली ते पूर्ण झाले. त्याच काळात हरेगावला ब्रॅडी या इंग्रज पेढीच्या व्यवस्थापनाखाली बेलापूर कंपनी उभी राहिली. ऊसमळे आणि साखर कारखाना, दोन्ही कंपनीचे. आज ज्याला 'गुंतवणुकीला अनुकूल वातावरण' म्हणतात ते हेच: सरकारी खर्चाचे पाणी, सरकारच्या आशीर्वादाने जमीन आणि स्वस्त मजूर.

खोटे कशाला बोलावे? गावकीत शिळ्या भाकरीवर राबण्यापेक्षा रोख मजुरी बरीच होती. पण मजुरी मिळाली म्हणून जात सुटली का? १६ डिसेंबर १९३९ रोजी बाबासाहेब याच हरेगावात महार वतनदारांच्या परिषदेला आले. कारखान्यात विलायती यंत्रे फिरत होती आणि शेजारच्या गावांत वतनाची वेठ तशीच चालू होती. भांडवलाने जातीला धक्का लावला नाही, उलट तिचा उपयोग करून घेतला.

बाबासाहेब उद्योगविरोधी नव्हते. शेतीवरचा जादा भार उद्योगांनी उचलावा, हे त्यांनी १९१८ सालीच मांडले होते. ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर त्यांनी १९१५ साली प्रबंध लिहिला, म्हणजे परकीय कंपनी देशाचा पैसा कसा नेते हेही त्यांना ठाऊक होते. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी मूलभूत उद्योग आणि शेतजमीन राज्याच्या मालकीची करण्याची मागणी केली. त्यांचा सवाल भांडवल देशी की विदेशी एवढाच नव्हता. मालक कोण, हा होता.

पुढे काय झाले? १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्याने कंपनीची जमीन सरकारकडे गेली आणि १९६३ साली शेती महामंडळ झाले. साहेब गेला, पण जमीन भूमिहीनाच्या नावावर झाली नाही. तिकडे प्रवरानगरला सहकारी कारखाना उभा राहिला, पुढे सोनईलाही झाला. सहकाराने शेतकरी मालक झाला, हे मोठेच काम. पण ज्याला जमीन नाही, त्याला ऊस नाही, शेअरही नाही. त्याच्या वाट्याला मुकादमाची उचल आणि कोयता.

१९९१ च्या धोरणाने अनेक उद्योगांत ५१ टक्क्यांपर्यंत परकीय मालकीचे दार उघडले. पाठोपाठ दाभोळला एन्रॉन आली. १९९५ साली करार रद्द झाला, पुन्हा झाला, आणि २००१ साली महागडी वीज वीज मंडळाला परवडेनाशी झाली. नफ्याची हमी कंपनीला, तोट्याचा बोजा जनतेवर! आरक्षण सरकारी क्षेत्रात, गुंतवणूक खाजगीत. मग आपला तरुण जाणार कुठे?

पैसा आला की जात आपोआप मरते, असे सांगणाऱ्यांनी सोनईला यावे. उसाच्या या सधन पट्ट्यात १ जानेवारी २०१३ रोजी मेहतर समाजाच्या तीन तरुणांचे खून झाले. कारण आंतरजातीय प्रेम. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याच हरेगावात चोरीच्या संशयावरून दलित मुलांना झाडाला उलटे टांगून मारले गेले.

म्हणून आम्ही गुंतवणुकीला विरोध करत नाही, अटी मागतो. सरकारी जमीन, पाणी आणि करसवलत घेणाऱ्या प्रत्येक कंपनीत आरक्षण हवे. कंत्राटी कामगाराला कायम कामगाराचा पगार हवा. शेती महामंडळाच्या जमिनीत भूमिहीनांचा वाटा हवा.

मित्रांनो, पुढच्या वेळी कोणी कोटींचे आकडे सांगेल, तेव्हा एकच विचारा: यात मालक कोण आणि मजूर कोण?

जय भीम!