ब्रेक्झिट आणि परदेशस्थ नागरिकांचे निवासाधिकार

युनायटेड किंग्डमने युरोपीय संघ सोडल्यानंतर (ब्रेक्झिट) ब्रिटनमध्ये राहणाऱ्या संघीय नागरिकांचे आणि संघातील देशांमध्ये राहणाऱ्या ब्रिटिश नागरिकांचे वास्तव्य, रोजगार, आरोग्यसेवा व कुटुंबविषयक हक्क टिकवण्यासाठी जी कायदेशीर व्यवस्था उभारण्यात आली, तिला सामान्यतः ‘नागरिक-हक्क व्यवस्था’ म्हटले जाते. २०२० च्या माघार कराराचा दुसरा भाग हा तिचा पाया असून ब्रिटनमधील ‘ईयू सेटलमेंट स्कीम’ हे तिचे सर्वांत मोठे प्रत्यक्ष रूप होय. ब्रिटनमधील ३० लाखांहून अधिक संघीय नागरिक आणि संघातील सुमारे १० लाख ब्रिटिश नागरिक या व्यवस्थेच्या कक्षेत येतील, असे वाटाघाटींच्या काळात धरले जात होते. पोर्तुगीज नागरिकत्वाच्या आधारे ब्रिटनमध्ये स्थायिक झालेले मूळ गोवेकरही त्यांत आहेत.

पार्श्वभूमी

युरोपीय संघाच्या मुक्त संचार तत्त्वानुसार सदस्य देशाच्या नागरिकास दुसऱ्या सदस्य देशात राहण्यासाठी व्हिसा किंवा परवान्याची गरज नसते. हक्क नागरिकत्वातून आणि प्रत्यक्ष वास्तव्यातून आपोआप उत्पन्न होतो. कागद केवळ त्याचा पुरावा असतो. त्यामुळे ब्रिटनमध्ये वीस-तीस वर्षे राहिलेल्या अनेक इटालियन, पोलिश वा पोर्तुगीज कुटुंबांकडे आपल्या वास्तव्याचा कोणताही सरकारी दाखला नव्हता, आणि तो नसणे हा दोषही नव्हता. देशात असे किती लोक आहेत याची नेमकी नोंद खुद्द ब्रिटिश शासनाकडेही नव्हती.

२३ जून २०१६ च्या सार्वमतात ५१.९ टक्के मते संघ सोडण्याच्या बाजूने पडली. ज्यांच्या वास्तव्यावर या निकालाचा सर्वाधिक परिणाम होणार होता, त्यांच्यापैकी बहुतेकांना मतदानाचा अधिकार नव्हता. आयर्लंड, माल्टा व सायप्रसचे नागरिक वगळता ब्रिटनमधील संघीय नागरिक मतदार नव्हते. पंधरा वर्षांहून अधिक काळ परदेशी राहिलेले ब्रिटिश नागरिकही मतदार यादीबाहेर होते.

निकालानंतर अनेकांनी जुन्या नियमांनुसार कायम वास्तव्याचा दाखला मागण्यास सुरुवात केली. त्यासाठीचा अर्ज ८५ पानांचा होता. विद्यार्थी व स्वतःच्या उत्पन्नावर राहणाऱ्यांकडे सर्वंकष आरोग्यविमा असण्याची अटही त्यात होती. ही अट बहुतेकांनी कधी ऐकलीही नव्हती, कारण सार्वजनिक आरोग्यसेवा त्यांना आधीपासूनच मिळत होती.

वाटाघाटी

सार्वमतानंतर लगेच एकतर्फी हमी द्यावी, अशी मागणी ‘द थ्री मिलियन’ या ब्रिटनमधील आणि ‘ब्रिटिश इन युरोप’ या संघातील संघटनांनी केली. थेरेसा मे यांच्या सरकारने ती मान्य केली नाही. परदेशातील ब्रिटिशांना तशीच हमी मिळेपर्यंत थांबावे, अशी त्याची भूमिका होती. १ मार्च २०१७ रोजी हाउस ऑफ लॉर्ड्सने संघीय नागरिकांच्या हक्कांची हमी देणारी दुरुस्ती ३५८ विरुद्ध २५६ मतांनी संमत केली, पण १३ मार्च रोजी हाउस ऑफ कॉमन्सने ती ३३५ विरुद्ध २८७ मतांनी फेटाळली. माणसांचे वास्तव्य सौदेबाजीत वापरले जात असल्याची टीका या काळात दोन्ही बाजूंवर झाली.

२९ मार्च २०१७ रोजी माघारीची औपचारिक सूचना दिली गेली आणि ८ डिसेंबर २०१७ च्या संयुक्त अहवालात नागरिक-हक्कांवर बरीचशी सहमती झाली. तरीही हा भाग संपूर्ण करारावर अवलंबून होता. करार फिसकटल्यास हक्कही अधांतरी राहणार होते. हा धोका टाळण्यासाठी खासदार अल्बर्टो कॉस्टा यांनी फेब्रुवारी २०१९ मध्ये नागरिक-हक्कांचा भाग वेगळा काढून सुरक्षित करण्याची सूचना मांडली. कॉमन्सने ती मतविभागणीविना स्वीकारली, परंतु हक्कांपुरता स्वतंत्र करार करण्यास संघाने नकार दिला. अखेर जानेवारी २०२० मध्ये माघार करारावर स्वाक्षऱ्या झाल्या, ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन संघाबाहेर पडला आणि संक्रमणकाळ ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला.

माघार करारातील तरतुदी

कराराच्या दुसऱ्या भागात अनुच्छेद ९ ते ३९ येतात. संक्रमणकाळ संपण्यापूर्वी नियमानुसार यजमान देशात राहणाऱ्या आणि पुढेही राहत असलेल्या व्यक्तीस हे संरक्षण आजन्म मिळते. सलग पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर कायम वास्तव्याचा हक्क प्राप्त होतो. तो मिळाल्यावर सलग पाच वर्षांहून अधिक काळ देशाबाहेर राहिल्यासच तो जातो. ३१ डिसेंबर २०२० पूर्वी नाते अस्तित्वात असलेले जोडीदार, आईवडील व मुले नंतरही येऊ शकतात. पुढे जन्मलेल्या मुलांनाही संरक्षण आहे. त्या तारखेनंतर विवाह केलेल्यांना मात्र सामान्य स्थलांतर नियम लागू होतात.

कराराचे खरे बळ अनुच्छेद ४ मध्ये आहे. त्यानुसार नागरिक या तरतुदी थेट न्यायालयात मांडू शकतो आणि त्यांच्याशी विसंगत देशांतर्गत कायदा बाजूला ठेवावा लागतो. संसदेच्या बदलत्या बहुमतापासून हक्क वाचवण्याची ही तजवीज होती. अनुच्छेद १५९ नुसार ब्रिटनमध्ये एक स्वतंत्र देखरेख प्राधिकरण स्थापन झाले. त्याचे कार्यालय वेल्समधील स्वान्झी येथे आहे. आठ वर्षांच्या मुदतीत सुरू झालेल्या प्रकरणांत ब्रिटिश न्यायालये युरोपीय न्यायालयाचे मतही मागवू शकतात.

घोषणात्मक व अर्जाधारित पद्धत

करारातील सर्वांत दूरगामी निवड अनुच्छेद १८ मध्ये आहे. हक्काची अंमलबजावणी दोनपैकी कोणत्या पद्धतीने करावी, हे प्रत्येक देशावर सोपवले गेले. घोषणात्मक पद्धतीत हक्क आधीपासून असतो आणि दाखला फक्त त्याची नोंद करतो. दाखला न घेणारा हक्क गमावत नाही. अर्जाधारित पद्धतीत मुदतीत अर्ज करून मंजुरी मिळाल्यावरच नवा दर्जा निर्माण होतो. मुदत चुकली, तर दीर्घकाळ राहिलेली व्यक्तीही कायद्याच्या दृष्टीने अनधिकृत ठरू शकते. ब्रिटनने अर्जाधारित पद्धत निवडली. संघातील फ्रान्स, नेदरलँड्स, बेल्जियम, ऑस्ट्रिया, स्वीडन, डेन्मार्क यांसह १३ देशांनी तीच स्वीकारली. जर्मनी, स्पेन, इटली, पोर्तुगाल, आयर्लंड, पोलंड यांसह १४ देशांनी घोषणात्मक पद्धत ठेवली.

या निवडीतील धोका युरोपला अपरिचित नव्हता. १९९१ मध्ये युगोस्लाव्हियातून स्वतंत्र झालेल्या स्लोव्हेनियाने देशात राहणाऱ्या इतर युगोस्लाव्ह प्रजासत्ताकांच्या नागरिकांना नागरिकत्वासाठी अर्ज करण्यास सहा महिने दिले. सुमारे १ लाख ७० हजार लोकांना नागरिकत्व मिळाले. उरलेल्यांची नावे २६ फेब्रुवारी १९९२ रोजी कायम रहिवाशांच्या नोंदवहीतून काढून टाकण्यात आली, आणि तीही त्यांना न कळवता. अशा ‘पुसून टाकलेल्या’ लोकांची संख्या नंतर २५,६७१ असल्याचे शासनाने जाहीर केले. अनेकांना आपली नोंद गेल्याचे कागदपत्रांचे नूतनीकरण करायला गेल्यावरच समजले. स्लोव्हेनियाच्या घटनात्मक न्यायालयाने १९९९ मध्ये ही कृती घटनाबाह्य ठरवली. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाच्या मोठ्या पीठाने २६ जून २०१२ रोजी मानवाधिकारांचा भंग झाल्याचा निर्णय दिला. मूळ घटनेनंतर तोवर वीस वर्षे उलटली होती.

ब्रिटनमध्येही ताजे उदाहरण होते. २०१८ मध्ये उघड झालेल्या विंडरश प्रकरणात कॅरिबियन बेटांतून दशकांपूर्वी कायदेशीरपणे आलेल्या लोकांना केवळ कागद नसल्यामुळे नोकरी, उपचार व निवारा गमवावा लागला आणि काहींना देशाबाहेर पाठवले गेले. अर्जाधारित पद्धतीच्या समर्थकांनी याच प्रकरणाचा उलटा आधार घेतला: प्रत्येकाला नोंद घ्यायला लावली, तर पुढे पुराव्याअभावी कोणी अडकणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. हा युक्तिवाद मुदतीत अर्ज करणाऱ्यांपुरताच खरा आहे.

ईयू सेटलमेंट स्कीम

ऑगस्ट २०१८ मध्ये इंग्लंडच्या वायव्य भागात चाचणी सुरू होऊन ३० मार्च २०१९ रोजी ही योजना सर्वांसाठी खुली झाली. प्रौढांसाठी ६५ पौंड शुल्क जाहीर झाले होते. ते जानेवारी २०१९ मध्ये रद्द करण्यात आले. आरोग्यविम्याची अटही गाळण्यात आली, आणि या बाबतीत ब्रिटनची योजना करारापेक्षा उदार ठरली. पाच वर्षांचे वास्तव्य पूर्ण केलेल्यांना ‘सेटल्ड स्टेटस’ आणि त्याहून कमी वास्तव्य असलेल्यांना पाच वर्षांचा ‘प्री-सेटल्ड स्टेटस’ मिळू लागला. आयरिश नागरिकांचे वास्तव्य स्वतंत्र व्यवस्थेने सुरक्षित असल्याने त्यांना अर्जाची गरज नव्हती.

ओळख मोबाइल अॅपने पारपत्र वाचून पडताळली जाई. आरंभी हे अॅप आयफोनवर चालत नव्हते. वास्तव्य राष्ट्रीय विमा क्रमांकावरून कर व भत्त्यांच्या नोंदींशी ताडून पाहिले जाई. नियमित पगारदारास त्यामुळे काही मिनिटांत अर्ज भरता आला. घर सांभाळणाऱ्या स्त्रिया, आजाऱ्यांची शुश्रूषा करणारे नातलग, रोखीने मजुरी घेणारे कामगार यांच्या नावे अशा नोंदी नसल्याने त्यांना भाडेकरार, बँकेची पत्रे, दवाखान्याचे कागद गोळा करावे लागले.

३० जून २०२१ या अंतिम तारखेपर्यंत ६० लाखांहून अधिक अर्ज आले. मूळ अंदाजाच्या जवळजवळ दुप्पट हा आकडा योजनेचे यश म्हणून सांगितला गेला. पण एकूण किती लोक पात्र होते हेच ठाऊक नसल्याने किती जण राहून गेले, हे या आकड्यावरून काढता येत नाही. राहून जाण्याचा धोका असलेल्यांत अनाथालयांतील व पालक-कुटुंबांतील मुले, स्मृतिभ्रंश झालेले वृद्ध आणि जुना कायम वास्तव्याचा दाखला हाती असल्याने निर्धास्त असलेले लोक होते. ब्रिटनमध्ये जन्मल्याने मूल आपोआप ब्रिटिश होते, असा अनेक पालकांचा समज होता. १९८३ पासून तसे नाही. उशिरा आलेले अर्ज ‘वाजवी कारण’ असल्यास स्वीकारले जातात, मात्र ऑगस्ट २०२३ पासून या कारणांची छाननी कडक झाली.

दर्जाचा कोणताही छापील दाखला दिला जात नाही. धारकाने संकेतस्थळावरून सांकेतिक क्रमांक काढून मालकाला किंवा घरमालकाला द्यायचा असतो. कार्डाची मागणी शासनाने शेवटपर्यंत फेटाळली. पुढे हीच पद्धत ‘ई-व्हिसा’ या नावाने इतर देशांच्या नागरिकांनाही लागू झाली. भारतीय विद्यार्थी व कर्मचाऱ्यांकडील निवास कार्डांपैकी बहुतेकांची वैधता ३१ डिसेंबर २०२४ रोजी संपली.

न्यायालयीन निर्णय

प्री-सेटल्ड दर्जाच्या धारकाने पाच वर्षांत दुसरा अर्ज केला नाही, तर त्याचे सर्व हक्क संपतील, अशी योजनेची मूळ रचना होती. याविरुद्ध देखरेख प्राधिकरणाने थेट गृहखात्यावर दावा लावला. २१ डिसेंबर २०२२ रोजी इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने ही रचना माघार कराराशी विसंगत ठरवली: एकदा मिळालेला निवासाधिकार करारात दिलेल्या कारणांनीच जाऊ शकतो, आणि दुसरा अर्ज न करणे हे त्यांपैकी कारण नाही. शासनाने अपील केले नाही. सप्टेंबर २०२३ पासून दर्जाची मुदत आपोआप दोन वर्षांनी, नंतर पाच वर्षांनी वाढवली जाऊ लागली आणि जानेवारी २०२५ मध्ये पात्र धारकांना अर्जाविना सेटल्ड दर्जा देण्यास प्रारंभ झाला.

पहिला अर्जच न केलेल्यांना या निकालाचा उपयोग नाही.

संघातील ब्रिटिश नागरिक

स्पेन, फ्रान्स, जर्मनी इत्यादी देशांतील ब्रिटिशांचे वास्तव्य यजमान देशापुरते टिकले. तेथून दुसऱ्या सदस्य देशात जाऊन स्थायिक होण्याचा हक्क गेला. फ्रान्सने अर्जाची मुदत ३० सप्टेंबर २०२१ पर्यंत वाढवली. ९ जून २०२२ रोजी युरोपीय न्यायालयाने फ्रान्समध्ये १९८४ पासून राहणाऱ्या एका ब्रिटिश महिलेच्या प्रकरणात निर्णय दिला की, ब्रिटन बाहेर पडताच त्याच्या नागरिकांचे संघीय नागरिकत्व आणि त्यासोबतचा स्थानिक निवडणुकांतील मताधिकारही संपला. ती महिला तोपर्यंत ब्रिटनमधील मताधिकारही पंधरा वर्षांच्या नियमामुळे गमावून बसली होती.

गोव्याशी संबंध

१९ डिसेंबर १९६१ पूर्वी पोर्तुगीज अमलाखालील गोवा, दमण व दीव येथे जन्मलेल्या व्यक्ती आणि त्यांच्या पुढील पिढ्या पोर्तुगीज कायद्यानुसार लिस्बन येथील केंद्रीय नोंदणी कार्यालयात जन्मनोंद करून नागरिकत्व मिळवू शकतात. पोर्तुगाल १९८६ मध्ये युरोपीय समुदायात आल्याने या पारपत्रावर ब्रिटनमध्ये राहणे शक्य झाले. स्विंडन, तसेच लंडनचे साउथॉल, हेज व वेम्ब्ली या भागांत गोवेकरांची आणि लेस्टरमध्ये दमण-दीवच्या लोकांची वस्ती वाढली. यांपैकी अनेक जण पोर्तुगालमध्ये कधीही राहिलेले नाहीत व त्यांना पोर्तुगीज भाषाही येत नाही.

त्यांची स्थिती इतर संघीय नागरिकांहून अधिक नाजूक आहे. भारतीय कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार परकीय नागरिकत्व स्वेच्छेने घेताच भारतीय नागरिकत्व संपते. ब्रिटनमधील दर्जा गेल्यास पोलिश कामगार पोलंडला परततो. गोवेकराला कायदेशीरपणे हक्काची जागा उरते ती पोर्तुगालमध्ये. गोव्यात तो परदेशी नागरिक म्हणून, व्हिसा किंवा ओसीआय कार्डावरच राहू शकतो.

वास्तव्यातील खंडाचा प्रश्नही येथे तीव्र होता. प्री-सेटल्ड दर्जासाठी कोणत्याही बारा महिन्यांत सहा महिन्यांहून अधिक अनुपस्थिती सामान्यतः चालत नसे. मार्च २०२० मध्ये भारतातून होणारी नियमित आंतरराष्ट्रीय विमानवाहतूक थांबल्याने गावी आलेल्यांना ही मर्यादा पाळणे अवघड झाले. कोविडमुळे झालेल्या अनुपस्थितीसाठी गृहखात्याने नंतर सवलती दिल्या. भारतीय पारपत्र असलेले जोडीदार व मुले यांचा दर्जा पोर्तुगीज नागरिक असलेल्या सदस्याच्या वास्तव्याशी जोडलेला असतो. त्यामुळे विवाहाची नोंद गोव्यात कोणत्या तारखेस झाली आणि ती लिस्बनला पोहोचली होती की नाही, यासारख्या जुन्या कागदांना अनेक कुटुंबांत अचानक महत्त्व आले.