बंगालच्या वाटेवरचे रायपूर

शालेय इतिहासात प्रत्येक महायुद्धाच्या धड्याखाली दोन प्रश्न ठरलेले असतात : कारणे लिहा आणि परिणाम लिहा. पहिल्या महायुद्धाच्या कारणांत २८ जून १९१४ रोजी सारायेव्होत झालेला ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून येतो, परिणामांत १९१९ चा व्हर्सायचा तह येतो आणि विद्यार्थी पुढच्या धड्याकडे वळतो. रायपूरचे नाव अशा उत्तरांत कोठेच येत नाही, कारण मोठ्या युद्धांच्या यादीत येथील एकही रणांगण नाही. तरीही गोल बाजारात संक्रांतीचे वाण किंवा लग्नाचा बस्ता घेताना कानावर पडणारी मराठी आणि या शहराला लाभलेला राजधानीचा मान, या दोन्ही गोष्टी युद्धांच्याच परिणामांत मोडतात. ती युद्धे मात्र येथून दूर लढली गेली आणि त्यांची कारणेही येथली नव्हती.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात छत्तीसगडावर हैहयवंशी कलचुरींच्या दोन शाखा राज्य करीत होत्या; थोरली रतनपूरला, धाकटी रायपूरला. नागपूरकर रघूजी भोसल्यांचे या घराण्याशी वैर नव्हते. त्यांची दृष्टी बंगाल, बिहार व ओरिसा या संपन्न सुभ्यांच्या चौथाईवर होती. औरंगजेबाच्या पश्चात दिल्लीची पकड सैल झाली होती, १७४० मध्ये अलीवर्दीखानाने बंगालची गादी बळकावली होती आणि पूर्वेकडील चौथाईवर हक्क कोणाचा, यावरून पेशवे व रघूजी यांच्यात चुरस लागली होती. नागपूरहून बंगालला जाणारी वाट छत्तीसगडातून जात असे. एवढाच या भूमीचा अपराध.

१७४१ च्या सुमारास रघूजींचे कारभारी भास्करराम कोल्हटकर, म्हणजेच भास्करपंत, मोठ्या फौजेनिशी रतनपुरापुढे आले. राजा रघुनाथसिंह वृद्ध होता आणि एकुलत्या एका मुलाच्या मृत्यूने खचलेला होता. त्याच्या हातून प्रतिकार झाला नाही. तोफांच्या माऱ्याने वाड्याचा काही भाग ढासळला, तेव्हा राण्यांपैकी एकीने तटावर पांढरे निशाण चढवले, असा वृत्तांत इंग्रजी अमदानीतील लेखकांनी नोंदवून ठेवला आहे. रतनपुरावर एक लाख रुपयांचा दंड बसला आणि राजा भोसल्यांचा मांडलिक झाला. धाकट्या गादीचे अमरसिंह यांच्याकडे पुढे रायपूर, राजिम व पाटण एवढे परगणे सात हजार रुपयांच्या टाकोळीवर उरले. तेही नंतर गेले. मराठी वाचक या मोहिमेकडे सत्तेचा विस्तार म्हणून पाहतो. रतनपूरच्या तटावरून पाहिले तर ज्याने कसलीही कुरापत काढली नव्हती, अशा एका जुन्या राज्याचा तो अंत होता. रायपुरात राहणाऱ्या मराठी माणसाला या दोन्ही बाजू आपल्या मानाव्या लागतात.

१७५८ मध्ये रघूजींचे पुत्र बिंबाजी रतनपुरास येऊन राहिले आणि १७८७ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथून कारभार पाहत राहिले. ते येथे वस्तीला आले होते, आणि हा फरक मोठा आहे. त्यांच्यासह मोडी लिपी आणि मराठी कारभाराची भाषा येथे आली. त्यांच्या मागून मात्र नागपूरहून सुभेदार नेमले जाऊ लागले. परगण्यापरगण्यात कमाविसदार, फडणवीस, बरारपांडे बसले. वसुलीचा मक्ता घेणाऱ्या सुभेदाराला रयतेपेक्षा मक्त्याच्या रकमेची काळजी अधिक असावी, यात नवल नाही. युद्धाचा खर्च हा असा, तलवारी म्यान झाल्यावर पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्याच्या खळ्यावरून वसूल होत असतो.

ज्या बंगालसाठी ही वाट तुडवली गेली, तेथे काय घडले हे पाहिल्याविना रायपूरची पुढची कथा कळत नाही. १७४२ पासून मराठी घोडदळ वर्षामागून वर्ष बंगालात उतरत राहिले. बारगिरांचे तेथे ‘बर्गी’ झाले आणि बंगाली आया मुलांना निजवताना त्यांचा धाक घालू लागल्या. १७४४ मध्ये अलीवर्दीने भास्करपंतांना वाटाघाटीसाठी मानकरा येथे बोलावून दग्याने ठार केले. अखेर १७५१ च्या तहाने बारा लाख रुपयांची वार्षिक चौथाई ठरली आणि ओरिसा प्रत्यक्षात भोसल्यांच्या हाती आला. नागपूरच्या दृष्टीने हा विजयच होता. पण याच स्वाऱ्यांच्या भीतीने कलकत्त्याच्या लोकांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला होता, आणि तो ‘मराठा खंदक’ म्हणूनच ओळखला गेला. बंगालचे नवाब या दीर्घ युद्धात पैशाने व बळाने खंगले. १७५६ मध्ये नवाब सिराजउद्दौला व कंपनी यांच्यात तंटा पेटला, त्याच्या कारणांत कलकत्त्याची तटबंदी हेही एक होते. त्यानंतर १७५७ ची प्लासी आणि १७६५ ची दिवाणी. प्लासीचे खापर एकट्या नागपूरकरांवर फोडणे अन्यायाचे ठरेल. परंतु कंपनीसमोर उभा राहिलेला नवाब दुबळा का होता, याचे उत्तर शोधताना नागपूरचा उल्लेख टाळता येत नाही.

बंगालच्या महसुलावर पोसलेली ती सत्ता मग त्याच वाटेच्या दुसऱ्या टोकाशी येऊन ठेपली. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आडगावला भोसल्यांच्या फौजेचा मोड झाला आणि १७ डिसेंबरच्या देवगावच्या तहाने कटक प्रांत इंग्रजांकडे गेला. छत्तीसगडाला याचा अर्थ मिठाच्या भावातून कळण्यासारखा होता. ओरिसाच्या किनाऱ्यावरचे मीठ लमाणांच्या तांड्यांतून इकडे येई आणि येथले धान्य तिकडे जाई. आता किनारा परक्याचा झाला आणि मिठावर कंपनीचा मक्ता बसला. धान्य व मीठ यांच्या देवघेवीवर जगणाऱ्या बाजारपेठांना एखाद्या तहाचा मजकूर वाचण्याची गरज भासत नाही.

शेवटचा घाव सीताबर्डीला बसला. आप्पासाहेब भोसल्यांनी १८१६ मध्ये इंग्रजांची तैनाती फौज पत्करली होती. ती झुगारण्याची त्यांची धडपड पेशव्यांच्या उठावाला जाऊन मिळाली आणि २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजी नागपूरच्या त्या दोन टेकड्यांवर लढाई झाली. आकड्याने मोठे असूनही भोसल्यांचे सैन्य हरले. निर्णायक हल्ला चढवला तो कॅप्टन फिट्झजेराल्डच्या हाताखालील बंगाल घोडदळाने. सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी नागपूरचे घोडदळ बंगालात शिरले होते. आता बंगालचे नाव लावणारे घोडदळ नागपुरात होते.

त्या पराभवाने रायपूर घडले. अल्पवयीन रघूजी तिसरे यांच्या नावाने इंग्रजांनी कारभार हाती घेतला आणि १८१८ मध्ये छत्तीसगडचे मुख्य ठाणे रतनपूरहून रायपुरास हलवले. १७९५ मध्ये या मुलखातून गेलेल्या कॅप्टन ब्लंटला रतनपूर ओस पडत चाललेले दिसले होते, तर रायपूर व्यापाराने भरलेले. कर्नल अ‍ॅग्न्यूने १८२५ पर्यंत येथे बसून परगण्यांची फेरमांडणी केली. १८३० मध्ये मुलूख पुन्हा भोसल्यांकडे आला, परंतु ठाणे रायपुरातच राहिले. रघूजी १८५३ मध्ये निपुत्रिक वारले आणि डलहौसीने राज्य खालसा केले. ज्यांना या सत्तांतरात काहीच मिळाले नाही, त्यांच्या वतीने सोनाखानचे वीर नारायणसिंह बोलले. १८५६ च्या दुष्काळात त्यांनी व्यापाऱ्याच्या कोठारातील धान्य उपाशी रयतेला वाटले, आणि १० डिसेंबर १८५७ रोजी रायपुरात त्यांना मृत्युदंड देण्यात आला. ती जागा म्हणून लोक आज जयस्तंभ चौक दाखवतात. गोल बाजारात खरेदीला जाणारी कितीतरी मराठी कुटुंबे त्याच चौकातून जातात.

त्यांतील बहुतेकांचे पूर्वज भास्करपंतांच्या फौजेबरोबर आलेले नव्हेत. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, नागपूर त्याची राजधानी ठरली, आणि कारकून, शिक्षक, वकील यांची रीघ नागपूरहून रायपूरकडे लागली. ती १९५६ पर्यंत, म्हणजे रायपूर व नागपूर वेगळ्या राज्यांत जाईपर्यंत चालू होती. आलेली माणसे नुसती नोकरी करून राहिली नाहीत. माधवराव सप्रे यांनी १९०० मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले, त्यात रायपूरचे वामनराव लाखे त्यांचे सहकारी होते. टिळकांचा ‘गीतारहस्य’ हिंदीत आणला तोही सप्र्यांनीच. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी ज्या भाषेत या प्रांताची वसुली लिहिली गेली, ती भाषा घरी बोलणाऱ्या माणसाने प्रांताच्या लोकांना त्यांच्या वाचनाचे मासिक दिले. युद्धाच्या परिणामांची यादी करताना ही नोंद पाठ्यपुस्तकात सापडत नाही.

अ‍ॅग्न्यूच्या काळात मुख्य ठाणे झालेले रायपूर १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्याची राजधानी झाले. रतनपूर महामायेच्या दर्शनाला जाणाऱ्या भाविकांचे गाव म्हणून उरले आहे. बिंबाजींनी बांधलेले राममंदिर तेथल्या रामटेकडीवर अजून उभे आहे.