पाण्याखालचा तट

दिवाळीची सुटी संपली, की आमच्या शाळेची सहल सिंधुदुर्गावर जाते. मालवणच्या धक्क्यावर मुलांना रांगेत उभे करायचे, शिरगणती करायची, आणि होडी लागेपर्यंत इतिहासाचा धडा उरकून घ्यायचा, हा माझा वीस वर्षांचा शिरस्ता. धडा तोंडपाठ आहे. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मोरयाच्या धोंड्यापाशी पूजा झाली. कुरटे बेटावर तीन वर्षांत किल्ला उभा राहिला. पायात शिसे ओतले. बेचाळीस बुरूज, तीस फूट उंच तट, बारा फूट रुंदी. शेवटी दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन गोड्या विहिरींची नावे घेतली, की मुले पाण्याच्या बाटल्या उघडतात आणि माझे व्याख्यान संपते.

मी इतिहासकार नव्हे. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबले. पुढे दोन-चार कादंबऱ्या हातून झाल्या, म्हणून गाव मला लेखक म्हणते आणि मुले गुरुजी म्हणतात. दोन्ही पदव्या मी मुकाट्याने मिरवतो.

तीन वर्षांपूर्वी असाच धडा चालू असताना धक्क्याला लागलेल्या एका होडीतून कोणीतरी मोठ्याने म्हणाले, "गुरुजी, तुमी किल्लो वरसूनच दाखवतास. पाण्याखालचो कधी दाखवतलास?"

मुले हसली. मी चष्मा सारखा करून पाहिले. होडीत हवेच्या चार पिवळ्या नळकांड्यांना टेकून आमचा बाबलो बसला होता. गाबिताचा मुलगा, माझ्याच हाताखाली शिकून इतिहासात दोनदा नापास झालेला. आता तो पर्यटकांना पाण्याखाली नेतो. त्या धंद्याला लोक 'स्कुबा' म्हणतात. आपल्याकडे पाणबुड्या हा चांगला शब्द आहे. पण तो पाटीवर लिहिला तर गिऱ्हाईक येणार नाही, असे बाबलोचे मत.

मी त्याला म्हटले, "बरे, तूच दाखव."

वाचकहो, मालवणच्या समुद्रात बुडी मारणे ही होडीचे भाडे देऊन ताबडतोब होणारी गोष्ट असेल, अशी माझी समजूत होती. पुढच्याच रविवारी मी टॉवेल घेऊन हजर झालो. बाबलोने पाण्याकडे पाहिले, आभाळाकडे पाहिले आणि मान हलवली. "आज नाय. दर्यो गढूळ आसा. भांगाक येवा."

भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासची मंद भरती. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते. तेव्हा पाणी जास्त चढते, जास्त उतरते, आणि खडपांच्या फटींतून ओढ घेऊन धावते. तळाची माती उठते व हाताला हात दिसत नाही. आमच्या किनाऱ्याला पावसाळ्यात पाण्याखाली पाहण्यासारखे काहीच नसते. लाटा वाळू घुसळीत असतात आणि कर्लीसारख्या नद्या सह्याद्रीची तांबडी माती समुद्रात आणून ओततात. नारळी पौर्णिमेला नारळ पडला, होड्या लोटल्या, तरी पाणी लगेच निवळत नाही. दसरा-दिवाळीपासून ते हळूहळू उजळते. डिसेंबर ते फेब्रुवारी हे त्याचे उत्तम दिवस. तेव्हाही पहाटेचा मतलई वारा जमिनीवरून वाहत असतो तोवर समुद्र शांत. दुपारी खारा वारा सुटला की पृष्ठभाग चुरगळतो. इतके सगळे जुळून आले तर पंधरा-वीस फुटांपर्यंत स्वच्छ दिसते. लक्षद्वीप-अंदमानचे लोक या आकड्याला हसतील. पण आमच्या पाण्याची श्रीमंती एवढीच, आणि तीही पंचांग पाहून मिळणारी.

तीन वेळा परत गेलो. चौथ्या खेपेला, जानेवारीतल्या एका अष्टमीला, बाबलो म्हणाला, "चला."

होडी किल्ल्याकडे सरळ गेली नाही. ती एकदा डावीकडे वळली, एकदा उजवीकडे, आणि मोकळ्या दिसणाऱ्या पाण्यातून उगीच वळसा घेऊन गेली. मी कारण विचारले. बाबलोने बोट दाखवले. पाण्यावर काहीच नव्हते. फक्त एका जागी लाट किंचित काळवंडत होती. "थय खडप आसा. आजोबांनी दाखवल्यानी." आणि हसून पुढे म्हणाला, "गुरुजी, तुमी माका ह्याच खडपाचो शून्य दिलास. आठवता?"

मला आठवेना. त्याला पक्के आठवत होते. सहामाही परीक्षेत प्रश्न होता : सिंधुदुर्ग जिंकणे शत्रूस कठीण का होते? पुस्तकातले उत्तर होते : भक्कम तटबंदीमुळे. बाबलोने लिहिले होते : शत्रूला वाट ठाऊक नव्हती म्हणून. मी तांबड्या पेन्सिलीने शून्य दिले आणि शेजारी लिहिले, 'पुस्तक वाचावे.'

त्या सकाळी होडीत बसून मी पुस्तक मनाशी पुन्हा वाचले. शिवाजी महाराजांना आरमारासाठी जागा हवी होती. जंजिऱ्याचा सिद्दी हटत नव्हता. पोर्तुगीज, इंग्रज, डच यांची गलबते किनाऱ्यावर मोकाट फिरत होती. कोकणात बंदरांना तोटा नव्हता. मोठी जहाजे सुखाने नांगरतील अशा खोल खाड्या होत्या. महाराजांनी निवडले ते कुरटे; जिथे मोठे जहाज सुखाने येऊच शकत नाही असे बेट. मालवणचा उपसागर खडकांच्या रांगांनी जवळजवळ बंद झालेला आहे, अशा अर्थाची नोंद इंग्रजांनी पुढे रत्नागिरी जिल्ह्याच्या गॅझेटियरात केली. बंदराचा जो दोष, तोच किल्ल्याचा गुण. हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखाली तट उभा राहिला असे परंपरा सांगते. त्या तटाच्या आधी दुसरा एक तट तिथे होताच. त्याला ना शिसे लागले, ना चुना.

मात्र खडक कोणाचे मीठ खात नाहीत. १७६५ साली इंग्रजांनी हाच किल्ला घेतला आणि त्याचे नाव 'फोर्ट ऑगस्टस' ठेवले. पुढे तो कोल्हापूरकरांना परत मिळाला, आणि १८१२ च्या तहाने मालवण पुन्हा इंग्रजांकडे गेले. खडप तेव्हाही जागच्या जागी होते. वाट जाणणारा माणूस ज्याच्या होडीत, त्याचा तो तट. बाबलोचे उत्तर पुस्तकातल्या उत्तरापेक्षा अधिक बरोबर होते, हे कबूल करायला मला इतकी वर्षे आणि एक होडी लागली.

नांगर पडला. पाठीवर नळकांडे चढले, तोंडात रबरी नळी आली. ही युक्ती तशी अलीकडची. १९४३ साली फ्रान्समध्ये झाक-ईव्ह कुस्तो हा नौदलाचा अधिकारी आणि एमिल गान्याँ हा इंजिनिअर या दोघांनी ती सिद्ध केली. नळकांड्यात हवा दाबून भरलेली असते. तोंडाशी असलेली झडप श्वास घेताच उघडते आणि भोवतालच्या पाण्याचा दाब जितका, तितक्याच दाबाची हवा देते. दहा मीटर खाली गेले की दाब दुप्पट होतो. पोहणाऱ्याची छाती तिथे नुसत्या नळीने हवा ओढू शकत नाही. ही झडप ते काम सोपे करते. नियम दोनच, बाबलोने दोनदा सांगितले : कान दुखू लागले तर नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचे, आणि वर येताना श्वास कधी कोंडायचा नाही. कोंडलेली हवा वर येताना फुगते आणि फुप्फुस फाडते. वर्गात मी याला 'लक्ष द्या' म्हणून किती वेळा ओरडलो असेन! आता मी लक्ष देत होतो.

आम्ही चार वाव खाली गेलो असू. माझ्या मनगटावर लक्ष्मीपूजनाचा तांबडा दोरा होता, तो काळपट दिसू लागला. पाणी तांबडा रंग सगळ्यांत आधी गिळते. समोर हिरवट उजेडातून एक भिंत उभी राहिली. ओबडधोबड, काळी, माथ्यावर शेवाळाची झालर. तिच्या खांद्यांवर गोल, पिवळसर प्रवाळ बसलेले. फटींतून निळ्या-पिवळ्या माशांची ये-जा. ही भिंत पुढे धुक्यात गेली होती. तिच्या टोकाशी फट, फटीपलीकडे दुसरी भिंत. बाबलोने माझा हात धरून त्या फटीसमोर नेले. पाण्याची ओढ मला तिथे प्रथम कळली. भांग असूनही ती अंगाला लोटत होती. उधाणात, वाऱ्यात, शिडाचे अवजड जहाज घेऊन एखादा परका तांडेल इथे आला असता तर काय झाले असते, हे मला कोणी समजावून सांगावे लागले नाही.

नळकांड्याने इतिहासाची अशी सेवा इतरत्रही केली आहे. आमच्या उत्तरेला विजयदुर्ग आहे. तिथे किल्ल्याजवळ समुद्रात एक बांधीव भिंत असून तिच्यावर आदळून शत्रूची जहाजे फुटत, असे लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी पाण्यात उतरून शोध घेतला, आणि सुमारे १२२ मीटर लांब, सात मीटर रुंद व तीन मीटर उंच अशा भिंतीची नोंद झाली. विजयदुर्गची भिंत माणसाने रचली असे मानतात, मालवणची निसर्गाने; दोन्हींची खबर किनाऱ्यावरच्या लोकांना आधी होती आणि कागदाला नंतर मिळाली.

वर आल्यावर मी बाबलोची स्तुती करू लागलो. तो गप्प होता. मग त्याने त्या प्रवाळांविषयी सांगितले. काही जागी ते मोडले होते. कोणी पर्यटक त्यांच्यावर उभा राहतो, कोणी आठवण म्हणून तुकडा तोडतो, कोणाचा नांगर पडतो. १३ एप्रिल १९८७ रोजी सरकारने इथला २९.१२ चौरस किलोमीटर समुद्र अभयारण्य म्हणून जाहीर केला. तेव्हा जाळी बंद होतील या भीतीने मच्छीमारांनी विरोध केला, बाबलोचा बाप त्यांत पुढे होता. त्याच समुद्रात आज बापाचा मुलगा लोकांना मासे पाहायला नेतो. आणि त्याच समुद्रातल्या प्रवाळांची हौशी बुड्यांनी केलेली मोडतोड समुद्रविज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी तपासून २०२० साली प्रसिद्ध केली आहे. शत्रूच्या तोफांना न बधलेला तट आपल्या पाहुण्यांच्या पायांनी झिजतो आहे.

२०२२ च्या मे महिन्यात बुडी मारून परतणाऱ्या पर्यटकांची एक होडी तारकर्लीजवळ उलटली आणि दोघे प्राणाला मुकले. मेअखेरीस दूरच्या वाऱ्यांची फुगी किनाऱ्याला येऊ लागते. वर ऊन असते आणि खाली समुद्र बदललेला असतो. त्या दिवसापासून, बाबलो म्हणाला, आई त्याला मे महिन्यात रोज एकच प्रश्न विचारते : आज जायचेच आहे का?

माझ्यासमोरच त्याची परीक्षा झाली. पुढच्या पौर्णिमेला मी धक्क्यावर होतो. पुण्याची दहा-बारा माणसे आली होती, दुप्पट पैसे द्यायला तयार. संध्याकाळची गाडी होती, पुन्हा येणे शक्य नव्हते. बाबलोने पाण्याकडे पाहिले आणि नाही म्हटले. ती मंडळी चिडून दुसऱ्या होडीकडे गेली. तिथे त्यांना होकार मिळाला. ती सुखरूप परतलीही. काही दिसले नाही म्हणून कुरकुरत परतली. बाबलोचा मात्र दिवस बुडाला. घरी होडीच्या कर्जाचा हप्ता होता. "चुकलो काय रे मी?" असे त्याने सोबत्याला विचारलेले मी ऐकले. सोबत्याने उत्तर दिले नाही. मीही दिले नाही. तांबडी पेन्सिल एकदा चुकलेल्या माणसाने जपून बोलावे.

आता या समुद्रात नवे काही घडू घातले आहे. नौदलातून २०२४ च्या जानेवारीत निवृत्त झालेली 'गुलदार' ही नौका निवतीच्या बाजूला बुडवून तिच्या अंगावर नवे प्रवाळ वाढवायचे आणि बुड्यांना तिकडे न्यायचे, अशी योजना आहे. २०२५ साली नौका त्यासाठी पर्यटन महामंडळाच्या हाती आली. जुन्या खडपांवरचा भार थोडा हलका होईल, असे बाबलोला वाटते. साडेतीनशे वर्षे ज्या किनाऱ्याने जहाजे बुडू नयेत म्हणून वाटा पाठ केल्या, तिथे आपणच जहाज बुडवायचे, याची त्याला गंमतही वाटते.

गेल्या सहलीला मी धक्क्यावर धडा घेतला नाही. मुलांना होडीत बसवले आणि बाबलोला म्हटले, "तू सांग." तो लाजला, मग सांगू लागला. सुकाणू वळले तशी मुले एका बाजूला झुकली आणि पाण्यातला काळा डाग शोधू लागली. बेचाळीस बुरूज कोणी मोजले नाहीत. एका मुलीने मात्र वहीत काहीतरी लिहून घेतले. मी डोकावून पाहिले. तिने किल्ल्याचे चित्र काढले होते आणि त्याच्याभोवती, पाण्याच्या रेघेखाली, तुटक तुटक दुसरा तट.