गॅरेज म्हणजे नक्की काय?

गेल्या रविवारी सोसायटीची मीटिंग झाली आणि नेहमीप्रमाणे पार्किंगवर येऊन अडकली. आमची बिल्डिंग डोंबिवली पूर्वेला, २००४ची. बाबांनी तेव्हा बिल्डरला फ्लॅटच्या किमतीवर पार्किंगचे ६० हजार वेगळे मोजले होते. पावती अजून कपाटात आहे, 'स्टिल्ट गॅरेज नं. ४'. गॅरेज कसलं, चार खांब आणि जमिनीवर पिवळा पट्टा! बाबा म्हणतात जागा आपली, सेक्रेटरीकाका म्हणतात सोसायटीची. म्हटलं चला, बघूया तरी कायदा काय म्हणतो.

फ्लॅटविक्रीचा आपल्याकडचा जुना कायदा म्हणजे १९६३चा मोफा. त्यात 'फ्लॅट'ची व्याख्या आहे आणि त्या व्याख्येत गॅरेजही धरलंय. पण गॅरेज म्हणजे काय, ते सांगितलेलंच नाही. (असा कोड आमच्याकडे रिव्ह्यूमधूनच परत येतो.) मग बिल्डर लोकांनी अर्थ लावला : गाडी उभी राहते ते गॅरेज, गॅरेज म्हणजे फ्लॅट, आणि फ्लॅट तर विकता येतो. झालं!

दहिसरच्या पांचाली सोसायटीत स्टिल्टमधल्या अशाच २५ जागांवरून नहालचंद लालूचंद हे बिल्डर कोर्टात गेले. सिटी सिव्हिल कोर्टात हरले, हायकोर्टात हरले, सुप्रीम कोर्टात गेले. ३१ ऑगस्ट २०१० ला न्या. लोढा आणि न्या. पटनायक यांनी निकाल दिला. मला आवडलं ते हे, की कोर्ट डिक्शनरी उघडून थांबलं नाही. फ्लॅट घेणारा साधा माणूस गॅरेज म्हटल्यावर काय समजेल, हे बघितलं. उत्तर : वर छप्पर आणि तीन बाजूंना भिंती. स्टिल्ट त्यात बसत नाही, ती सामायिक जागा. बिल्डरला ती विकताच येत नाही.

२०१६च्या रेरा कायद्यात हीच छप्पर-तीन भिंतींची व्याख्या आली. पण गंमत पुढेच आहे. २०१७च्या महाराष्ट्राच्या नियमांत 'कव्हर्ड पार्किंग' असा नवा शब्द आला. त्यात गॅरेज नाही, उघडं पार्किंग नाही, पण स्टिल्ट चक्क नाव घेऊन आहे! आणि करारनाम्याच्या नमुन्यात त्याची किंमत लिहायला जागासुद्धा. म्हणजे आज घोडबंदर रोडला नाहीतर खडकपाड्याला फ्लॅट घेणारा तेच चार खांब रीतसर विकत घेतो.

आमचा करार मात्र मोफाखालचा. बाबांना सगळं सांगितलं. ते काही बोलले नाहीत, चप्पल घालून खाली गेले. मीही मागोमाग. भिंती मोजल्या. एक निघाली, तीही शेजारच्या सोसायटीच्या कंपाउंडची.