पांढुर्ण्याचे नाव आणि इंटरनेटची लिपी

५ ऑक्टोबर २०२३ रोजी छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा व सौंसर या तहसिली वेगळ्या काढून पांढुर्णा हा मध्य प्रदेशाचा नवा जिल्हा करण्यात आला. नव्या जिल्ह्यास कचेरी लागते, शिक्का लागतो आणि आजच्या काळात इंटरनेटवरील पत्ताही लागतो. शिक्क्यावर नाव देवनागरीत कोरता येते. पत्ता मात्र बहुधा रोमन अक्षरांतच लिहिला जातो, आणि तेथे नावाची गत पाहण्याजोगी होते. रोमन लिपीत ढ आणि ध यांत भेद उरत नाही, ण आणि न यांतही नाही. सौंसरचा अनुस्वार तर लिहिणाराच्या मर्जीवर राहतो. परका मनुष्य तो पत्ता वाचून ‘पंधुर्ना’ म्हणाला, तर दोष त्याचा नव्हे.

हा दोष आला कोठून? इंटरनेटच्या बाल्यावस्थेत जोडलेल्या यंत्रांची नावे एकाच यादीत असत आणि ती यादी कॅलिफोर्नियातील एका संशोधन संस्थेत ठेवली जाई. यंत्रे वाढली, यादी पुरेना. तेव्हा १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी नावांची श्रेणीबद्ध व्यवस्था रचली. तीत रोमन अक्षरे, अंक आणि संयोगचिन्ह एवढ्यांनाच प्रवेश मिळाला. यात कोणाचा द्वेष नव्हता. इतरांची आठवण झाली नाही, इतकेच. पुढे १९९८ मध्ये या नावांचा कारभार पाहण्यासाठी आयकॅन ही संस्था स्थापन झाली, तीही कॅलिफोर्नियातच. आणि तिच्यावरील अमेरिकन सरकारची देखरेख २०१६ पर्यंत राहिली.

अन्य लिपींसाठी २००३ मध्ये जी तोड निघाली ती मोठी चमत्कारिक होती. यंत्रास देवनागरी शिकविण्याऐवजी देवनागरी नावालाच रोमन वेष चढविण्यात आला. पडद्यावर ‘भारत’ दिसते. आत यंत्रे एकमेकांस सांगतात ते ‘एक्स, एन, दोन आडव्या रेघा, एच, दोन, बी, आर, जे, नऊ, सी’. तथापि या वेषाने दार उघडले, हे मान्य केले पाहिजे. मे २०१० मध्ये इजिप्त, सौदी अरेबिया व संयुक्त अरब अमिराती यांची अरबी नावे प्रथम आली, मागोमाग रशियाचे. ‘डॉट भारत’ २७ ऑगस्ट २०१४ रोजी देवनागरीत लोकांस खुले झाले.

पांढुर्ण्याच्या दृष्टीने येथे एक गोष्ट महत्त्वाची आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाड्यातील हा मराठी पट्टा मध्य प्रदेशातच राहिला आणि तेथील राजभाषा हिंदी झाली. ‘डॉट भारत’ मात्र राज्यास दिलेले नाही, लिपीस दिलेले आहे. हिंदी, मराठी, कोकणी, नेपाळी, बोडो, डोगरी, मैथिली आणि देवनागरी सिंधी या आठही भाषांचा त्यावर सारखा हक्क आहे. सौंसरच्या मराठी माणसास त्यासाठी नागपूरकडे पाहावे लागत नाही.

पण लिपी एक असली तरी लेखन एक नसते. समुद्र तो ‘दर्या’ आणि डोंगरांतील त्या ‘दऱ्या’. दुसरा शब्द लिहिण्याच्या एका प्रचलित पद्धतीत डोळ्यांस न दिसणारे जोडचिन्ह मध्ये घालावे लागते. २००३ चे नियम ते चिन्ह गाळून टाकीत, म्हणजे दऱ्यांचा दर्या होई! २०१० च्या सुधारित नियमांनी त्यास योग्य स्थळी मुभा दिली. ही मराठीची मोठीच सोय झाली. पांढुर्ण्याची अडचण निराळी आहे. हिंदी मजकुरात हे गाव ‘पांढुर्णा’ असेही दिसते आणि ‘पांढुर्ना’ असेही. माणूस तीन अक्षरे वाचून गाव ओळखतो. यंत्र नऊ चिन्हे मोजते, आणि त्यांतील एक बदलले की पत्ता बदलतो. एक नाव एकाने घेतले, तरी दुसरे अन्य कोणास घेता येते.

टपालाचे पत्ते अन्य लिपींत लिहिण्याचे नियम २०१२ मध्ये ठरले. असे असूनही पुष्कळ ठिकाणचे संगणकीय अर्ज देवनागरी पत्ता दिसताच तो चुकीचा ठरवून परत करतात. ही खोड मोडावी म्हणून आयकॅनच्या पुढाकाराने २८ मार्च २०२३ रोजी प्रथमच एक जागतिक दिवस पाळण्यात आला. तोपर्यंत सौंसरच्या एखाद्या संत्रा बागायतदाराने आपल्या पेढीचे नाव मराठीत नोंदविले, तरी शेजारी एक रोमन पत्ता त्यास घेऊन ठेवावा लागतो, आणि दोहोंचे वार्षिक शुल्क भरावे लागते.